दोन इंच उंच

इरुपगुडा, ता. एटापल्ली
६ नोव्हेंबर २०२३

ती. देवरावमामाजींना संघप्रियाचा जय भीम.

तुमचे दोन्ही कान आता पार गेले असं आईने सांगितलं. इथे नेटवर्क नाही, त्यामुळे तसाही फोन झालाच नसता. हे पत्र एसटीचे कंडक्टर सोमाजीभाऊ पोस्टात टाकतील.

काम गाडीचं आहे. दीड वर्षापूर्वी मी चिमूरकडच्या एका सफारीवाल्याकडून जुनी जिप्सी घेतली. पंधरा वर्षं तिने पर्यटक वाहिलेत. मी इथल्या आरोग्य उपकेंद्रावर आहे हे तुम्हाला माहीतच आहे. लसी, औषधं, पेशंट, सगळं त्याच गाडीतून. गावापासून पाच किलोमीटरवर मोठा नाला आहे. पूल नाही. एसटी नाल्यापलीकडच्या फाट्यापर्यंतच येते, आणि रुग्णालय तिथून पुढे सव्वीस किलोमीटर. म्हणजे मला रोज नाला ओलांडावा लागतो. नाल्याच्या तळाला सलग काळा दगड आहे, त्यावर गाडी खालून घासते. कधी अडकतेही.

तालुक्याला चंचल नावाचा गॅरेजवाला आहे. तो म्हणतो, उंच कमानीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि ते टांगायच्या लांब कड्या, शॅकल, असा चार इंचांचा सेट बसवून घ्या, मग दगड लागणारच नाही. सेट महाग आहे, पण हप्त्याने देतो म्हणाला. तुम्ही ऊर्जानगरला पस्तीस वर्षं गाड्याच दुरुस्त केल्यात. बसवून घेऊ का, एवढंच सांगा.

तुमची
संघप्रिया

---

ऊर्जानगर
१९ नोव्हेंबर २०२३

बाई संघप्रिया,

जय भीम. पत्र भेटलं. ‘एवढंच सांगा’ म्हणून तू लिहिलं, पण तेवढंच सांगता येत नाई.

पह्यली गोष्ट. गाडीच्या खाली मागच्या एक्सलच्या मधात जो लोखंडी गोळा दिसते, तो पाट्यावर नाई बसला राहत. तो चाकासंगं राहते. तू पाटे चार इंच उचल नाई तर चाळीस, बॉडी वर जाईल, गोळा आहे तिथीच राहील. गोळा उचलाचा असन तर टायर मोठा लागते. अन् मोठा टायर मडगार्डले घासू नये म्हणून पाटे थोडेसे उचलाचे. हे चंचलनं तुले सांगितलं काय?

म्हणून आधी मले हे पाह्यजे की दगड लागते कुठी. अंदाजानं सांगू नको. गाडीच्या खालून चुना फासजो, पूर्ण. मंग रोजच्यासारखी नाल्यातून काढजो. जिथचा चुना निघाला, तिथी दगड लागला.

दुसरी गोष्ट. गाडी रिकामी अन् सपाट जागेवर उभी करून चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या काठापर्यंत चारी बाजूनं टेप लावजो. आकडे मले पाठव. पंधरा वर्षं सफारी केलेल्या गाडीचे पाटे बसले राहतात. मले वाटते तुझी गाडी उचलाची नाई, बसली आहे ती उठवाची आहे.

तिसरं, गाडीत कोण कोण बसते ते लिही. रोज चालवाच्या गाडीचा हिशेब येगळा अन् शौकाच्या गाडीचा येगळा. चार इंच शौकाच्या गाडीले शोभते. तुले शौक आहे काय?

देवराव

---

इरुपगुडा
१० डिसेंबर २०२३

ती. मामाजी,

शौक नाही.

चुना फासला. इथला पत्रू पुंगाटी मदतीला होता. इथे कुणी कुणाला आडनावाने हाक मारत नाही, तो नुसता पत्रू. शेती करतो, मोहफुलं वेचतो, आणि ट्रॅक्टरच्या मागे राहून राहून त्याला पाना धरता येतो. तो गाडीखाली पडून फासत होता आणि हसत होता, म्हणाला, “घर सारवल्यासारखं वाटते सिस्टरबाई.”

नाल्यातून काढून परत आणली. चुना निघाला तो चार ठिकाणी. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या, म्हणजे पर्यटकांना चढायला सफारीवाल्याने वेल्डिंग करून लावलेल्या लोखंडी फळ्या. सायलेन्सरचा मधला भाग. मागच्या पाट्यांच्या यू-बोल्टखालची पट्टी. आणि तो गोळा, पण अगदी जरासा, नखाएवढा.

मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. मागची डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली आहे.

बसतात त्या बहुतेक बायाच. बाजाराच्या दिवशी सहा-सात. आशा कार्यकर्ती नीलाबाई रोज असतात. गरोदर बाया महिन्यातून दहा-बारा वेळा. लसीचा डबा, एक सलाईनचं खोकं, पाण्याचे दोन कॅन.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी हे काम मला हवंच आहे, मामाजी. पाण्यात गाडी अडकली की काय होतं ते मी पाहिलं आहे. त्याचं पुन्हा कधी लिहीन.

संघप्रिया

---

ऊर्जानगर
२२ डिसेंबर २०२३

बाई,

मापं पाह्यली. पाटे मागून दीड इंच बसले आहेत, समोरून एक. मतलब कंपनीनं दिलेली उंचीच तुझ्यापाशी नाई. ती वापस आण, वरून थोडं चढव, बस.

हे कर. पायऱ्या कापून टाक, आधी त्या. सायलेन्सर वर बांध. हेच पाटे उतरवून चंद्रपूरले न्याचे, मी माझ्या ओळखीच्या पाटेवाल्याकडून कमान देऊन घेतो, मागे एक पान जास्त टाकतो. तुझ्या सात बायांच्या वजनाले तेवढं लागते. टायर घासले की एक नंबर मोठे घे, गोळा पाऊण इंच वर येईल. सगळं मिळून आतापेक्षा दोन-अडीच इंच. चंचलच्या सेटच्या तिसऱ्या हिश्श्यात होते.

चार इंचात काय होते तेही लिहितो, नाई तर तू म्हणशील मामा कंजूष आहे. जॉइंट शाफ्टचा कोन बिघडते. ब्रेकचा रबरी पाइप ताणते. स्टिअरिंग सरळ होत नाई. वळणावर गाडी झुकते. अन् नवे पाटे इतके कडक राहतात का खड्ड्यात माणूस उडते. गरोदर बाई उडाली तर चालते काय?

जानेवारीत मीच येतो. पाटे मीच उतरवून नेईन अन् कमान देऊन तिथीच बसवून देईन. तोपर्यंत पाट्याले हात लावू नको.

पाण्याचं पुन्हा कधी लिहीन म्हणाली, ते लिही.

देवराव

---

इरुपगुडा
१८ फेब्रुवारी २०२४

ती. मामाजींना जय भीम.

तुम्ही आला नाहीत. पत्रही नाही. मी जानेवारीचे पाचही सोमवार फाट्यावर एसटी पाहिली. सोमाजीभाऊ म्हणाले, “म्हातारा माणूस हाये बाई, थंडी असन.”

सांगायला संकोच वाटतो, पण मी चार इंचांचा सेट बसवून घेतला. जानेवारीच्या शेवटी पत्रूची बायको सोमारी हिची नोंदणी मी केली. तिची तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. ते रजिस्टरमध्ये लिहिल्यावर मला थांबवेना. दुसऱ्याच दिवशी गाडी चंचलकडे नेली.

नाल्यात आता काही लागत नाही. तुम्ही सांगितलेल्या पायऱ्याही कापल्या, त्यामुळे कशाने लागत नाही हे मला सांगता येणार नाही.

बाकी तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. मागच्या मंगळवारी फाट्याजवळच्या खड्ड्यात नीलाबाई बाकावरून उडाल्या आणि छताच्या लोखंडी नळीवर त्यांचं डोकं आपटलं. तीन टाके मीच घातले. आजीबायांना चढता येत नाही म्हणून मी स्टूल घेऊन फिरते.

सोमारी मात्र स्टूल ठेवूनही चढत नाही. तपासणीला पाच किलोमीटर चालत फाट्यावर जाते, तिथून एसटीने. गाडी फार उंच झाली म्हणून असेल.

तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा.

संघप्रिया

---

ऊर्जानगर
९ मार्च २०२४

संघप्रिया,

मले येणं जमत नाई. अक्षर खराब आहे, समजून घे.

नीलाबाईच्या टाक्यांचं वाचून वाईट वाटलं.

जुने पाटे फेकले नसशील तर सोमाजीभाऊच्या हातून चंद्रपूरच्या गाडीत टाक. पाटेवाल्याले मी निरोप देतो.

एक इचारतो. चढता न येणारी बाई पाच किलोमीटर चालते, हे मले नाई पटत. सोमारीले उंचीची भीती नसन. तिले गाडीची भीती असन. काऊन?

देवराव

---

इरुपगुडा
२५ मार्च २०२४

ती. मामाजी,

पाटे पाठवले आहेत. पोत्यात बांधलेत, वर तुमचं नाव आहे.

तुम्ही रागावला आहात हे दोन ओळींवरून कळलं. पण विचारलंत त्याचं उत्तर देते. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

सप्टेंबर २०२२. सोमारीचं पहिलं बाळंतपण. सकाळी दहाला कळा सुरू झाल्या, बाळ पायाळू होतं, रुग्णालयात नेणं भाग होतं. नाल्याला गुडघ्याच्या वर पाणी. काठावर पत्रू म्हणाला, “खाट हाये. चार माणसं हायेत. इथूनच उचलून नेऊ, पलीकडे गाडी बोलवा.” पलीकडे नेटवर्क मिळतं, ॲम्ब्युलन्स फाट्यापर्यंत येते. मी म्हटलं, नको, ती हलायला नको, गाडीतूनच काढू. मला गाडीवर भरवसा होता. नवीनच घेतली होती.

मधोमध डावी पायरी दगडावर चढली आणि गाडी टांगली. पाणी आत आलं. मी मागे घेतली, पुढे घेतली, जॅक लावायला लावला, दगड लावायला लावले. आता निघेल, आता निघेल. असा पाऊण तास गेला. मग खाट आणली.

बाळ पलीकडच्या काठावर झालं. मुलगा. रडला नाही. मी वीस मिनिटं श्वास दिला.

अहवालात मी ‘नाल्याला पाणी, रस्ता बंद’ असं लिहिलं. पाऊण तासाचं लिहिलं नाही. पत्रू त्यानंतर कधी काही बोलला नाही. उलट गाडीचं काही निघालं की येतो.

सोमारी त्या दिवसानंतर या गाडीत बसलेली नाही. मला ते माहीत होतं. उंचीचं मी तुम्हाला उगाच लिहिलं.

संघप्रिया

---

ऊर्जानगर
१२ एप्रिल २०२४

बाई संघप्रिया,

जय भीम. रागावलो नाई. जानेवारीच्या आठ तारखेले तुझ्याकडे यायचं तिकीट पाहून घरी येत होतो, मागून बाइक आली. हॉर्न वाजवला म्हणतात. मले कसा ऐकू येईन? खुब्याचं हाड मोडलं. रॉड टाकला आहे, वॉकर घेऊन संडासपर्यंत जातो. तुझ्या आईले कोणी सांगू नका म्हणून मीच म्हटलं, तिचं बीपी आहे. पडल्या पडल्या लिहितो म्हणून अक्षर असं.

सप्टेंबरचं वाचलं. मी असतो तर मीही पाऊण तास गाडीच काढत बसलो असतो. मेकॅनिक माणूस तर पक्काच. गाडी हाती असली का माणसाले दुसरं काही दिसत नाई. पण चूक ते चूकच. तू पत्रूचं ऐकाले पाह्यजे होतं. त्याले सांगाचं का नाई ते तू ठरव.

अन् हे कान देऊन ऐक. गाडी चार इंच उचलली काय अन् दोन काय, वाहत्या पाण्याले त्याचं काही नाई. उंच गाडीले पाणी उलट लवकर लोटते. गुडघ्याच्या वर पाणी असलं का गाडी घालाची नाई. तू उंची इकत घेतली ती जुलैसाठी, पण जुलैत ती कामाची नाई. ती उरलेल्या नऊ महिन्यांसाठी आहे.

पाटे तयार झाले. शुक्रवारच्या गाडीत टाकतो, नवे रबरी बुश अन् यू-बोल्ट संगं आहेत. पत्रूले वाचून दाखवजो:

जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका, चेसीखाली सागाचे ओंडके लावा. एका वेळी एकच बाजू खोला. जास्तीचं पान मागच्या पाट्यात आहे, समोर लावू नका. शॅकलचे बोल्ट आधी नुसते हातानं लावा. गाडी चाकावर उतरली का मंगच कसा, नाई तर बुश पिळून फाटते. चंचलकडून ब्रेकचा पाइप पाहून घ्या, ताणला असन तर बदला. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत कसा.

मंग चालवून आवाज कसा येते ते लिहून पाठवा. मले ऐकू येत नाई, पण वाचून समजते.

देवराव

---

इरुपगुडा
५ मे २०२४

ती. मामाजी,

खुब्याचं वाचून मी सोमाजीभाऊंवर उगाच चिडले, त्यांना तरी कळायला हवं होतं म्हणून. आई तुमच्याकडे येते आहे. मीच तिला सांगितलं. बीपीच्या गोळ्या दिल्या आहेत.

पाटे बसले. दोन दिवस लागले. शाळेसमोरच्या चिंचेखाली गाडी लावली. पत्रू खाली, मी चाकापाशी बसून तुमचं पत्र वाचत होते. सूचना वाचायला मी कागद उलटला, तर मागच्या बाजूला वर सप्टेंबरचं होतं, सूचना त्याखाली. चुकून तिथूनच सुरुवात झाली. ‘मी असतो तर मीही पाऊण तास’ इथपर्यंत वाचलं आणि थांबले.

खालून आवाज आला, “वाचा ना. थांबल्या काऊन?”

मग मी ते वाचलं. ‘तू पत्रूचं ऐकाले पाह्यजे होतं’ तेही. वाचून झालं तरी खाली पाना फिरतच होता. मी म्हटलं, “पत्रूभाऊ, मी अहवालात खोटं लिहिलं. पाऊण तास माझ्यामुळे गेला.”

तो म्हणाला, “मले माहीत हाये. मी तिथीच होतो ना.”

मग म्हणाला, “सतरा नंबर द्या.”

मी सतरा नंबरचा पाना दिला. दुपारी सोमारी भाकर घेऊन आली. गाडीपासून दहा पावलांवर बसून आमच्याकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी चाकावर उतरवली, बोल्ट कसले. पत्रू बाहेर आला, हात पुसले, आणि गाडी खालून पुन्हा एकदा पाहिली. मला म्हणाला, “सिस्टरबाई, खालून पूर्ण पाह्यली मी. तुमचा मामा बरोबर बोलते. जुलैत ह्या नाल्यातून ही निघत नाई. कोणतीच निघत नाई.” मग त्या दिवशीही दहा पावलांवर बसलेल्या सोमारीशी त्यांच्या माडिया बोलीत बराच वेळ बोलला. मला अर्धंच समजलं.

रुग्णालयाच्या आवारात बाळंतपणाआधी येऊन राहायच्या खोल्या आहेत. माहेरघर म्हणतात. मी फेब्रुवारीपासून त्याबद्दल सांगत होते आणि ही दोघं धानाची रोवणी आहे म्हणून नको म्हणत होती. त्या दिवशी पत्रू म्हणाला, “जूनच्या शेवटी नेऊन सोडू. रोवणी माझा भाऊ पाहील.”

सोमारी उठली आणि उभ्या गाडीत मागच्या बाकावर जाऊन बसली. स्टूल लागलं नाही. थोडा वेळ बसली आणि उतरली.

आवाजाचं: ब्रेक दाबला की मागून एकदाच ‘टक्’ असा येतो. खड्ड्यात ‘कुईं’.

संघप्रिया

---

ऊर्जानगर
१६ मे २०२४

बाई,

‘टक्’ म्हणजे मागचा यू-बोल्ट ढिला. आज कस, उद्यावर टाकू नको. ‘कुईं’ म्हणजे बुश कोरडा, आपोआप बसते, तेल सोडू नको, रबर खराब होते.

तुझी आई आली. दिवसभर माझ्याशी बोलते. मले ऐकू येत नाई हे तिले पटत नाई.

पत्रूले माझा जय भीम सांग. हात चांगला आहे त्याचा.

देवराव

---

इरुपगुडा
११ ऑगस्ट २०२४

ती. मामाजींना जय भीम.

नाला पंधरा दिवस बंद होता, म्हणून पत्राला उशीर. आज सोमाजीभाऊंकडे दोन पत्रं देते आहे, एक तुम्हाला, एक आईला.

जूनच्या अठ्ठावीस तारखेला सोमारीला सोडून आलो. ती मागे बसली होती, नीलाबाई शेजारी. सगळ्या वाटेत पुढच्या सीटची नळी धरून होती. नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं. पत्रू तिच्यासोबत तिथेच राहिला.

त्यानंतर मी इथेच. जुलैच्या पंचवीस तारखेपासून पाणी असं चढलं की नाल्यातले दगड दिसेनात. मी रोज सकाळी गाडी काठापर्यंत न्यायची, पाणी पाहायचं, परत यायचं. सत्तावीसला तिची तारीख. त्या दिवशी मी दोनदा गेले. पाणी छातीएवढं असेल. पलीकडे काय चाललं आहे हे कळायला काही मार्ग नव्हता. मी परत आले, दोन बायांचं बीपी पाहिलं, एका मुलाच्या पायातला काटा काढला, भात टाकला.

बाळंतपण एकोणतीस तारखेला झालं. याही वेळी बाळ पायाळू होतं. ऑपरेशन करावं लागलं. हे सगळं मला चार ऑगस्टला कळलं, पलीकडच्या काठावरून सोमाजीभाऊ ओरडून सांगत होते तेव्हा. पाण्याच्या आवाजात मला ‘पोरगी’ एवढंच ऐकू आलं. बाकीचं त्यांनी हातवारे करून सांगितलं.

तिथे मी नव्हते, मामाजी. आपली गाडीही नव्हती. ती इथे चिंचेखाली उभी होती.

परवा पाणी उतरलं. गुडघ्याखाली आलंय याची मी स्वतः चालत जाऊन खात्री केली, मग गाडी घातली. रुग्णालयातून तिघांना घेतलं. सोमारी टाके जपत हळूच बसली, बाळ मांडीवर. पत्रू नाल्याच्या काठावर उतरला आणि पाण्यातून पुढे चालत मला दगड दाखवत गेला. काही लागलं नाही. फक्त मधल्या दगडावरून उतरताना मागचं चाक चांगलंच खाली गेलं आणि वर आलं. मी गाडी काठावर चढवून थांबवली आणि मागे वळून विचारलं, काय झालं का.

सोमारीने पदर जरा बाजूला करून पाहिलं.

“झोपली हाये,” ती म्हणाली.

तुमची
संघप्रिया